टोपलीवरचा दगड

एक

मंगळवारी सकाळी आठ वाजता बोटीचा भोंगा वाजला, पण तो वाजला टेकडीपलीकडून, पश्चिमेच्या धक्क्यावरून. आणि आजारी स्तोशिया बसली होती अलीकडे, गावच्या धक्क्यावर, हातगाडीत उशीला टेकून, गळ्यापर्यंत घोंगडी पांघरून. तिचा नवरा येरे आधी जागच्या जागी थिजला. मग त्याने गाडीचा दांडा धरला आणि सत्तरी उलटलेला तो माणूस गाडी ओढत टेकडीच्या वाटेने चक्क पळत सुटला. अर्ध्या चढावर असताना दुसरा भोंगा झाला. तो बोट सुटल्याचा असतो, हे कालबा बेटावर शेंबडं पोरही सांगेल.

शहरातल्या इस्पितळात बुधवारी तिच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं. हिवाळ्यात बोट आठवड्यातून दोनदाच येते, मंगळवारी आणि शुक्रवारी. बुधवारी ऑपरेशनच्याच वेळेला, दुपार कलता कलता, स्तोशियाने आपल्या बिछान्यात प्राण सोडला.

चूक कोणाची, हे ठरवायला गावाला घटकाभरही वेळ लागला नाही. ईशान्येचा 'बुरा' नावाचा वारा सुटला की बोट गावच्या धक्क्याला लागू शकत नाही, ती बेटाला वळसा घालून पश्चिमेला लागते. अशा दिवशी कप्तान आधीच्या बेटावरून पोस्टात फोन करतो. पोस्टातून निरोप जातो धक्केवाल्या बाल्दोकडे, आणि बाल्दो चर्चसमोरच्या खांबावर लाल टोपली चढवून पश्चिमेला दोर झेलायला जातो. टोपली वर असली की पश्चिमेचा धक्का, नसली की गावचा. वारा कुठूनही येवो, समुद्र कसाही दिसो, कालब्याचा माणूस टोपलीकडे बघतो आणि निघतो. मंगळवारी सव्वासातला येरेने बघितलं तेव्हा खांबावर टोपली नव्हती. त्या दिवशी गावातून जाणारं दुसरं कोणीच नव्हतं.

येरेची नजर चुकली म्हणावं, तर तेही शक्य नव्हतं. आजही तो चष्म्याशिवाय समोरच्या बेटावरच्या बकऱ्या ओळखायचा. क्षितिजावर ठिपका दिसला की धक्क्यावरचे लोक त्यालाच विचारायचे, "येरे, कुठली होडी रे?" आणि तो होडीचं नाव सांगून वर वल्ह्यावर कोण बसलंय तेही सांगायचा.

"बाल्दो प्यायला असणार," लोक म्हणाले. थंडीची म्हणून सकाळी घोटभर घ्यायची सवय त्याला होतीच. बुधवारी स्तोशियासाठी घंटा वाजली आणि ती थांबायच्या आत कुणीतरी धक्क्यावरची बाल्दोची हातगाडी पालथी घातली. मोटारी नसलेल्या बेटावर हातगाडी म्हणजे घराची अब्रू. ती पालथी घातली की त्या माणसाशी कोणी बोलायचं नाही. याआधी अशी गाडी पालथी पडली होती ती लढाईच्या दिवसांत, एका चुगलखोराची.

गुरुवारी सकाळी फोन आला की शुक्रवारच्या बोटीने बंदर-कचेरीचा साहेब चौकशीला येतोय. तो फोन घेतला दोब्रिलाने. दोब्रिला कालब्याची पोस्टमास्तरीण. बेटावरचा एकुलता एक टेलिफोन आपल्याला आंदण मिळाला आहे अशा थाटात ती वागायची, आणि तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. बाल्दो तिचा धाकटा भाऊ.

मंगळवारी पावणेसातला पोस्टाच्या खिडकीतून तिने टोपली वर जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. पण हे ती सांगायला लागली की लोक मान हलवायचे आणि खाली बघायचे. सख्ख्या बहिणीची साक्ष कोण धरणार?

दोन

बाल्दो स्वयंपाकघरात टोपी हातात घेऊन बसला होता. चूल विझलेली होती.

"मी चढवली होती ना गं?" त्याने विचारलं.

"चढवली होतीस. मी पाहिली."

"तू बहीण आहेस."

"बहीण आहे, आंधळी नाही. आता रडगाणं बंद कर आणि नीट सांग. पश्चिमेहून परत आलास तेव्हा टोपली कुठे होती?"

"खाली. खांबाच्या पायथ्याशी, पालथी. वर दगड ठेवलेला."

"दगड?"

"वाऱ्याने उडू नये म्हणून असेल. तोवर बुरा चांगला भरला होता."

"आणि दोरी?"

"खुंटीला गुंडाळलेली. मी गुंडाळतो त्याहून झकास."

दोब्रिला खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "बाल्दो, तू टोपली उतरवतोस तेव्हा ठेवतोस कुठे?"

"ठेवतोय कसला! पडवीत भिरकावतो."

"एकतीस वर्षांत कधी दगड ठेवलास?"

तो विचारात पडला. "नाही."

"मग गाढवा, हे कुणाला बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, मीच ठेवला असेल." त्याने टोपी हातात फिरवली. "सगळे एकच गोष्ट सांगायला लागले ना, की आपलंच आपल्याला खरं वाटेनासं होतं. टोपली वर जाताना आठवते, पण ती मंगळवारची की आदल्या आठवड्यातली, काही कळत नाही. स्तोशियाने मला लहानपणी कडेवर घेतलंय गं. माझ्या हातून असं झालं असेल तर जगून तरी काय करू?"

दोब्रिलाने चूल पेटवली, आदल्या दिवशीचं सूप गरम करून त्याच्यापुढे ठेवलं. जाताना दारामागे टांगलेला दोर उचलला आणि मुकाट्याने आपल्या पिशवीत टाकला. बाल्दोने ते पाहिलं आणि मान खाली घातली.

बाहेर येऊन तिने ती पिशवी छातीशी घट्ट धरली. उद्या साहेबाने बाल्दोला दोषी ठरवलं तर नोकरी जाईल, ती जाऊ दे. पण पालथ्या गाडीचा माणूस म्हणून हा भित्रा जीव एक हिवाळाही काढणार नाही. म्हणजे उद्याची बोट लागेपर्यंत ती टोपली कोणी उतरवली ते कळायलाच हवं होतं.

एक गोष्ट पक्की झाली होती. वाऱ्याने दोरी सुटली असती तर ती गुंडाळलेली सापडली नसती. कोणीतरी टोपली उतरवली होती आणि उतरवल्यावर तिची काळजीही घेतली होती. हे दुसरंच तिला काही केल्या समजेना.

तीन

दहा वाजता स्तोशियाला पुरलं. परतून आल्यावर बायका येरेच्या घरी बसल्या, रडल्या आणि पांगल्या. दोब्रिला मागे राहिली. कालब्यावर म्हाताऱ्या पुरुषाला बार्बा म्हणतात आणि म्हातारीला तेता, मग नात्याचा असो की नसो.

"बार्बा येरे, मी बाल्दोची बहीण. बसू का, की जाऊ?"

"बस. तू काही केलं नाहीस." तो चुलीकडे तोंड करून बसला होता. "पण तुझ्या भावाला सांग, उद्या साहेबासमोर मी तोंड बंद ठेवणार नाही. आज ती त्या पांढऱ्या पलंगावर असती. जिवंत असती."

"तुम्हाला तर ते इस्पितळ नको होतं ना?" दोब्रिलाने विचारलं. विचारताना तिची तिलाच लाज वाटली, पण भाऊ डोळ्यांसमोर होता. "ऑक्टोबरात पोस्टात म्हणाला होतात, या इस्पितळाने माझा लुका खाल्ला, बायको देणार नाही म्हणून."

येरे वळला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसता थकवा होता. "म्हणालो होतो. माझा मुलगा त्यांनी मला पेटीत घालून परत दिला. अकरा वर्षं झाली. बोटीवर सिमेंटच्या पोत्यांमध्ये ठेवली होती ती पेटी. माझ्याच गाडीवरून मीच ओढत आणला त्याला धक्क्यापासून घरापर्यंत. चाक करकरत होतं, आणि ही मागून चालत होती." तो पुन्हा चुलीकडे वळला. "पण डॉक्टर म्हणाला, आशा आहे. मग मीच तिच्या मागे लागलो. महिनाभर लागलो. शेवटी शुक्रवारी शहरातून डॉक्टरला भेटून आली आणि म्हणाली, बरं, जाऊ या."

तो खोटं बोलत नव्हता. दोब्रिलाने मनातल्या मनात एक नाव पुसलं आणि तिला जरा बरं वाटलं.

"मंगळवारी टोपली बघायला उशीर झाला का?"

"साडेसहापासून बघायला निघतोय. पण तिचं एकेक. पाय गार पडलेत, पाणी तापव. तापवलं. मग म्हणे कॉफी कर, तुझ्या हातची प्यायची आहे. सव्वासातला म्हणाली, आता बघून ये. बघितलं तर खांब रिकामा. गाडीत बसवली, धक्क्यावर नेली."

"गाडीत काही बोलली?"

"बॅग मांडीवरून सोडेना. मी म्हटलं पायाशी ठेव, तर नको म्हणाली. आणि धक्क्यावर पोचल्याबरोबर म्हणाली, येरे, गाडी वळव. दांडा घराकडे कर."

बोटीने जाणारा माणूस गाडी धक्क्यावर ठेवतो आणि दांडा घराकडे करून ठेवतो, परत येणार आहे म्हणून. पण बोट दिसेपर्यंत कालब्यावर कोणी गाडी वळवत नाही. तसं केलं तर बोट येत नाही असं जुनी माणसं मानतात.

"तुम्ही वळवलीत?"

"वळवली. आजारी माणूस, म्हटलं वाद कशाला. आणि बोट आली नाही." त्याने तोंड हातांत झाकलं.

दोब्रिला त्याच्यासाठी ग्लास आणायला फडताळाकडे गेली. दारापाशी ती बॅग तशीच पडली होती. वाटेतून बाजूला करावी म्हणून तिने उचलली, आणि हाताला काही वजनच लागलं नाही. फडताळात पांढऱ्या ताटल्यांच्या चळतीशेजारी एक निराळी ताटली होती. तिच्यात सुके अंजीर नीट रचलेले, वर तमालाचं पान. कुणाची तरी ताटली भरून परत पाठवायची म्हणून तयार ठेवलेली.

ताटलीचा काठ निळा होता. टपाल द्यायला दोब्रिला बेटावरच्या सगळ्या स्वयंपाकघरांत जायची, त्यामुळे निळ्या काठाच्या ताटल्या कुठे आहेत हे तिला पाठ होतं. त्या शेजारच्या पेरिनाच्या होत्या. आणि पेरिना नि स्तोशिया बावीस वर्षं एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

चार

भांडण अंजिरावरूनच झालं होतं. स्तोशियाच्या झाडाची फांदी भिंतीवरून पेरिनाच्या अंगणात गेली आणि पेरिनाने ती छाटली. तेव्हापासून चर्चमध्ये एक डावीकडे, दुसरी उजवीकडे. बोटीत एक पुढच्या टोकाला आणि दुसरी मागच्या. नाव घ्यायची वेळ आलीच तर दोघीही नुसतं "ती" म्हणायच्या, आणि सगळ्या गावाला ती कोण ते कळायचं.

दोब्रिला पोस्टात गेली आणि तिने कप्तान रोकोच्या शहरातल्या घरी फोन लावला.

"मी थांबलो होतो गं," रोको फोन उचलल्याबरोबर म्हणाला. मंगळवारपासून हे वाक्य त्याने बहुधा स्वतःलाच शंभरदा ऐकवलं असावं. "पाच मिनिटं थांबलो. आणखी थांबलो असतो, पण तीच म्हणाली होती ना."

"कोण काय म्हणाली होती?"

"स्तोशिया. गेल्या शुक्रवारी बोटीतून उतरताना. म्हणाली, रोको, मंगळवारी मी धक्क्यावर दिसले नाही तर माझ्यासाठी थांबू नकोस, आपल्या वेळेवर सूट. मला वाटलं, भीड वाटते बिचारीला."

दोब्रिलाने रिसीव्हर घट्ट धरला. "त्या शुक्रवारी पेरिना होती बोटीवर?"

"होती की. दात काढायला गेली होती. गंमत म्हणजे, पाऊस होता म्हणून दोघी खाली केबिनमध्ये बसल्या. मी म्हटलं, आज केबिनमध्ये खून पडतोय. पण वर आल्या तेव्हा दोघींचे डोळे लाल. पेरिनाचं तर दातामुळे असेल."

"दातामुळेच असेल," दोब्रिला म्हणाली आणि फोन ठेवला. आता तिला उत्तर बहुतेक कळलं होतं, आणि न कळतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

पाच

पेरिनाचं घर चर्चच्या खांबापासून पन्नास पावलांवर. ती अंगणात होती. दोब्रिलाला बघून तिने हात पुसले आणि विचारायच्या आधीच बोलली.

"मीच उतरवली. उद्या साहेबाला सांगणारच होते. बाल्दोला सांग, निवांत झोप."

"का उतरवलीत, तेता पेरिना?"

"का म्हणजे? वैर होतं. बावीस वर्षांचं वैर. म्हटलं, बसू दे वाट बघत. झालं समाधान?"

भिंतीशी सुक्या अंजिरांची फळी होती. अंजिरांवर टोपली पालथी घातलेली आणि टोपलीवर दगड. दोब्रिला तिकडे बघत म्हणाली, "वैराने उतरवली असती तर तुम्ही ती टोपली समुद्रात फेकली असती. तुम्ही ती नीट पालथी ठेवलीत आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवलात. अंजीर वाळवणाऱ्या बाईच्या हाताची खोड आहे ही."

"सवयीने ठेवला असेल. म्हणून काय वैर नव्हतं?"

"आणि तुमची निळ्या काठाची ताटली तिच्या फडताळात कशी गेली? वैरिणीला कोणी खाऊ पाठवतं? आत अंजीर भरून ठेवलेत तिने. त्याच झाडाचे असतील. तुम्हाला परत द्यायला."

पेरिना एकदम खाली बसली, पायरीवरच.

"भरून ठेवलेत?" तिने विचारलं.

"नऊ अंजीर. वर तमालाचं पान."

मग पेरिना रडली. आवाज न करता रडायची सवय असलेल्या माणसासारखी, पदराचं टोक तोंडात धरावं तसं डोक्यावरच्या काळ्या रुमालाचं टोक तोंडात धरून.

"दोब्रिला, तिला जायचं नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "डॉक्टरने येरेला आशा सांगितली, तिला खरं सांगितलं. टेबलावरून उठलीस तर दोन महिने, पण उठशील असं वाटत नाही. ती म्हणाली, पेरिना, मला मरणाचं काही नाही. पण मी तिकडे मेले तर मला पेटीत घालून बोटीने आणतील, आणि येरे त्याच गाडीवरून मला ओढत आणेल. लुकाला आणलं तसं. ते चाक पुन्हा करकरायला नको. मला माझ्या खाटेवर मरू दे."

"मग येरेला सांगायचं ना सरळ!"

"सांगून तो ऐकता? आणि ऐकलं असतं तर जन्मभर स्वतःला खात बसला असता, मी तिला नेली नाही म्हणून. ती म्हणाली, बोट चुकली तर कुणाचाच दोष नाही. बोटी चुकतात."

"पण तुम्हालाच का सांगितलं?"

पेरिना रडता रडता हसली. "मीही तेच विचारलं. तर म्हणाली, मैत्रिणीला सांगितलं तर ती रडत जाऊन येरेला सांगेल. तू आमच्याशी बोलत नाहीस, तुझ्याकडून कुठे जाणार? डोकं होतं बाईला. टोपली काढायची ती येरेला पाणी तापवायला बसवेल तेवढ्यात. आणि मंगळवारी बुरा नसता तर? म्हणाली, बुरा असेल. तिची हाडं कधी चुकली नाहीत."

"शुक्रवारी पुन्हा बोट येणारच होती."

"शुक्रवारचं शुक्रवारी बघू म्हणाली. तिला ठाऊक असणार, शुक्रवार येत नाही ते."

वाऱ्याने फळीवरची टोपली थरथरली. पेरिनाने न बघताच हात लांब करून दगड दाबला. "बघ, हे असं. आम्ही ठरवलं होतं, दोरी सुटी सोडायची, टोपली लोळत पडू द्यायची. लोक म्हणाले असते वाऱ्याने सुटली. पण सुटी दोरी दिसली की माझे हात गुंडाळतात. घरी येऊन कॉफी ओतली तरी मला कळलं नव्हतं मी काय करून बसले. बाल्दोचं तर आमच्या दोघींच्या मनातही आलं नाही. एवढा त्या खांबाचाच झालाय तो, की माणूस म्हणून आठवलाच नाही. ते माझं पाप."

"चूक झाली, तेता."

"तर मी वैराने केलं म्हणून सांगते. या वयात मला कोण तुरुंगात घालतंय? गाडी पालथी घाला माझी. तसंही माझ्याशी कोण बोलतं? एक बोलायला लागली होती." तिने डोळे पुसले. "बावीस वर्षं एका फांदीपायी घालवली आणि मिळाले चार दिवस. येरेला मात्र सांगू नकोस. मी तिला शब्द दिलाय."

सहा

दोब्रिला पोस्टात परत गेली नाही. चर्चच्या कट्ट्यावर बसून राहिली. पेरिनाचं खोटं चाललं असतं. बाल्दो सुटला असता. पण मग येरे उरलेलं आयुष्य हेच म्हणत राहिला असता, की एका म्हातारीच्या वैरामुळे बायको गेली, नाहीतर जगली असती. ते विष त्याच्या पोटात सोडून भाऊ वाचवायचा का? आणि खरं सांगितलं तर मेलेल्या बाईची शेवटची इच्छा मोडायची. दोन्हीकडून तिचा जीव तुटत होता.

शेवटी ती उठली आणि येरेच्या दारात उभी राहिली.

"बार्बा येरे, तेता स्तोशियाची बॅग तुम्ही उघडलीत?"

"नाही. काय करायची?"

"एकदा उघडा. मी काही बोलणार नाही. तुम्ही उघडा आणि बघा."

त्याला राग आला असावा, पण त्याने बॅग टेबलावर घेतली आणि चेन ओढली. आत रात्रीचा झगा नव्हता. सपाता नव्हत्या, कंगवा नव्हता, टॉवेल नव्हता. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरची एक गादी होती, बॅग फुगलेली दिसावी म्हणून घडी घालून कोंबलेली.

येरे त्या गादीकडे बघत राहिला. मग त्याने उगाच बॅगेत हात घालून कोपरे चाचपले. दोब्रिलाला तिथून पळून जावंसं वाटलं.

"पाणी तापव म्हणाली," तो हळूच म्हणाला. "कॉफी कर म्हणाली. गाडी वळव म्हणाली." आणि थोड्या वेळाने, "पळताना मागून ओरडत होती, जाऊ दे रे येरे, जाऊ दे. मला वाटलं, माझ्या छातीची काळजी करतेय."

"तीही करतच असेल."

"मी महिनाभर तिच्या मागे लागलो होतो, पोरी." तो खाली बसला. "ते चाक. लुकाला आणलं त्या दिवशी रात्रभर ती त्या चाकाला तेल लावत बसली होती. मी विचारलं, आता कशाला? तर काही बोलली नाही."

मग त्याने विचारलं, "टोपली कोणी उतरवली?"

दोब्रिलाने पेरिनाचं नाव घेतलं नाही. पण तिची नजर फडताळाकडे गेली, आणि येरेची नजर, बेटावरची सगळ्यात तीक्ष्ण नजर, तिच्यामागून गेली.

"ही ताटली आमची नाही," तो म्हणाला.

सात

शुक्रवारी वारा पडला होता. टोपली नव्हती, बोट गावच्या धक्क्याला लागली, आणि तिचा दोर बाल्दोने झेलला, कारण दोब्रिलाने त्याला बखोटीला धरून आणलं होतं. सारं गाव जमलं होतं. बाल्दोच्या पालथ्या गाडीला मात्र कोणी हात लावला नव्हता. पेरिना पुढे येऊन उभी होती, काळा रुमाल घट्ट बांधून, बोलायच्या तयारीने. तिने तोंड उघडायच्या आत येरे साहेबासमोर गेला.

"लिहून घ्या साहेब," तो म्हणाला. "टोपली वर होती."

धक्क्यावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली.

साहेब तरुण होता, शहरचा. "म्हणजे? मग तुम्ही इकडच्या धक्क्यावर कसे आलात?"

"मला दिसली नाही. म्हातारा झालो. डोळे गेले माझे." येरे ताठ उभा होता. "बाल्दोने चढवली होती. चूक माझी. बायकोची बोट मी चुकवली."

"आणि मंगळवारी तुम्ही वेगळं का सांगितलंत?"

"लाज वाटली."

साहेबाने लिहिता लिहिता मान वर केली आणि जमलेल्या माणसांकडे बघितलं. "यांना कमी दिसतं, हे खरं आहे का?"

चाळीस माणसं उभी होती. त्यातला प्रत्येक जण कधी ना कधी येरेला क्षितिजावरच्या ठिपक्याचं नाव विचारून गेलेला होता. कोणी खोकललं नाही की हललं नाही. पेरिना एक पाऊल पुढे आली. येरेने तिच्याकडे नुसतं बघितलं आणि डोक्याने नाही म्हणून खूण केली. तेव्हा ती बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"हो साहेब. हल्ली त्याला दिसत नाही."

साहेबाने वही मिटली. बोट सुटायला अवकाश होता म्हणून तो कॉफी प्यायला गेला. गाव मात्र हललं नाही. येरे बाल्दोच्या गाडीपाशी गेला, वाकला आणि ती एकट्याने सुलटी केली. चाकांवरची वाळू हाताने झटकली. मग कोटाच्या आतून निळ्या काठाची ताटली काढून पेरिनाच्या हातात ठेवली, वरून नॅपकिन बांधलेली, जशी त्याच्या बायकोने भरून ठेवली होती तशी.

बोट गेल्यावर माणसं हळूहळू पांगली. दोब्रिलाने भावाच्या गाडीत टपालाची थैली टाकली. बाल्दो दोर गुंडाळत होता. दोन दिवसांनी पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता आणि हात सवयीने चालत होते. खाडीच्या तोंडाशी एक होडी वळली. एकतीस वर्षांच्या सवयीनेच त्याच्या तोंडून निघून गेलं, "बार्बा येरे, कुठली हो ती होडी?"

येरेने मान वर केली. त्याचे डोळे बारीक झाले, होडीवर नीट थांबले आणि ओठ नावासाठी उघडलेही. दोब्रिला त्याच्याकडेच बघत होती.

"दिसत नाही रे," येरे म्हणाला आणि आपली रिकामी गाडी ओढत घराकडे निघाला.